लघवी लाल, पण रिपोर्टमध्ये रक्तपेशी नाहीत : हिमोग्लोबिन्युरिया म्हणजे काय, आणि त्यात वेळ का घालवू नये

गोठ्यातल्या म्हशीने तांबडी लघवी केली की शेतकरी त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरला बोलावतो. गोचीड ताप असेल, नाहीतर व्याल्यानंतर अंगातला फॉस्फरस कमी पडला असेल, उशीर केला तर जनावर हातचे जाईल, हे त्याला ठाऊक असते. त्याच घरातल्या माणसाची लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोकमाच्या आगळासारखी झाली, तर मात्र ऐकायला मिळते, 'उष्णता झालीय, सब्जा घे, धने-जिऱ्याचं पाणी पी.' कुणी मुतखडा म्हणून मोकळा होतो आणि कुळथाचे पाणी सुरू होते. दोन-तीन दिवस यातच जातात.

म्हशीच्या आणि माणसाच्या या लाल लघवीत पुष्कळदा पदार्थ एकच असतो, तो म्हणजे हिमोग्लोबिन. रक्ताला लाल रंग देणारा हा घटक पेशीतून बाहेर सांडून लघवीत उतरतो, त्या स्थितीला हिमोग्लोबिन्युरिया म्हणतात. हा स्वतंत्र आजार नव्हे. शरीरात कुठेतरी तांबड्या पेशी मोठ्या संख्येने फुटत आहेत, याची ती खूण आहे. त्या कशामुळे फुटतात ते वेळेत शोधले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाला तर पहिला मार किडनीवर बसतो.

लाल लघवीचे चार प्रकार

लघवी लाल दिसली म्हणजे रक्तच पडतेय असे नाही. ढोबळमानाने चार शक्यता असतात.

पहिली, निरुपद्रवी रंग. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी गुलाबी होते. टीबीच्या औषधातील रिफाम्पिसिनने ती नारिंगी-लाल होते. लघवीच्या जळजळीवर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनीही गडद नारिंगी रंग येतो. पदार्थ किंवा औषध थांबले की रंग जातो.

दुसरी, खरे रक्त. मुतखडा, जंतुसंसर्ग, प्रोस्टेट, मूत्राशयातील किंवा किडनीतील गाठ, किडनीच्या गाळणीची सूज, अशा कारणांनी अख्ख्या रक्तपेशी लघवीत येतात. याला हिमॅच्युरिया म्हणतात. अशी लघवी भांड्यात ठेवली तर बऱ्याचदा गढूळ दिसते, कधी गुठळ्याही दिसतात.

तिसरी, फुटलेल्या रक्तपेशींतले हिमोग्लोबिन. पेशी लघवीत येतच नाहीत, येतो तो फक्त त्यांच्यातला रंग. लघवी लालसर, तपकिरी किंवा कोलासारखी पण बरीचशी पारदर्शक असते.

चौथी, स्नायूंतले मायोग्लोबिन. अतिश्रम, अपघातात अंग चेंगरणे, विजेचा जोरदार धक्का, बराच वेळ चाललेली फिट, यामुळे स्नायू फुटतात आणि त्यातला हिमोग्लोबिनसारखाच पदार्थ लघवीत उतरतो. रंगही तसाच गडद असतो.

याशिवाय काविळीत लघवी गडद पिवळी, राईच्या तेलासारखी होते. नुसत्या डोळ्यांनी यातले फरक ओळखता येतीलच असे नाही. डॉक्टरही फक्त रंगावरून निदान करत नाहीत.

आत नेमके काय घडते?

तांबडी पेशी हाडांतल्या मगजात तयार होते आणि सुमारे १२० दिवस जगते. म्हातारी झालेली पेशी बहुधा प्लीहा आणि लिव्हरमध्ये गिळली जाते, तिथेच तिचे सुटे भाग होतात आणि लोह परत वापरात येते. शरीर दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी तयार करत असते. जावक आणि आवक जुळलेली असेपर्यंत आपल्याला काही कळतही नाही.

बिघाड होतो तो पेशी रक्तवाहिनीतच, वाहत्या रक्तात फुटू लागल्या की. तेव्हा हिमोग्लोबिन मोकळे सांडते. ते आवरायला रक्तात हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. ते सांडलेल्या हिमोग्लोबिनला धरून लिव्हरकडे नेते. पण हॅप्टोग्लोबिनचा साठा मर्यादित आहे. थोड्या पेशी फुटल्या तर तो पुरतो. एकदम पुष्कळ फुटल्या की साठा संपतो आणि उरलेले मोकळे हिमोग्लोबिन किडनीच्या गाळणीतून खाली उतरते.

किडनीच्या नलिका सुरुवातीला त्यातले काही परत शोषून घेतात आणि लोह हिमोसिडेरिनच्या रूपात साठवतात. त्यांचीही क्षमता संपली की हिमोग्लोबिन लघवीत दिसू लागते. म्हणजे लघवीला रंग आला तेव्हा शरीराचे आतले दोन बंदोबस्त आधीच कमी पडलेले असतात. पेशींची फूट हळूहळू आणि महिनोन्‌महिने चालू असेल तर लघवीचा रंग साधा दिसूनही तपासणीत हिमोसिडेरिन सापडते आणि लोह वाहून गेल्याने रुग्णाला लोहाची कमतरता येते.

मोकळे हिमोग्लोबिन किडनीच्या नलिकांना थेट इजा करते आणि त्यांच्यात साचून अडथळाही आणते. शिवाय रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड ते शोषून घेते, म्हणून पोटात कळ येणे, कंबर दुखणे, गिळताना त्रास होणे अशा तक्रारी सोबत येऊ शकतात. दुसरीकडे रक्त कमी होत असल्याने धाप, छातीत धडधड, चक्कर, पांढरेफटक पडणे आणि एक-दोन दिवसांत डोळे पिवळे होणे, असा क्रम दिसतो.

रिपोर्टमधल्या दोन ओळी एकत्र वाचा

लघवीची साधी तपासणी तालुक्याच्या गावातही होते. तिच्यात दोन भाग असतात. पहिल्यात रंगीत चौकटींची स्ट्रिप लघवीत बुडवतात. दुसऱ्यात लघवी यंत्रात फिरवून तळाचा साका सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

स्ट्रिपवरची 'ब्लड' नावाची चौकट रक्तपेशी ओळखत नाही. हिमोग्लोबिनच्या रासायनिक गुणधर्मामुळे तिचा रंग बदलतो. म्हणून अख्ख्या पेशी असोत, मोकळे हिमोग्लोबिन असो की स्नायूंतले मायोग्लोबिन, तिन्ही वेळा स्ट्रिप 'ब्लड पॉझिटिव्ह' असेच सांगते. पेशी खरोखर आहेत का, ते सूक्ष्मदर्शक सांगतो. रिपोर्टवर ती ओळख 'आरबीसी' या ओळीत असते.

आता या दोन ओळी शेजारी ठेवा. वर 'ब्लड +++' आणि खाली 'आरबीसी निल' किंवा '०-१' असे लिहिलेले असेल, तर ती छपाईची चूक समजून सोडून देऊ नका. त्या विसंगतीतच निदानाची पहिली खूण असते. डॉक्टरांना सरळ विचारा, 'स्ट्रिपवर रक्त दाखवतंय आणि पेशी दिसत नाहीत, मग हे हिमोग्लोबिन किंवा मायोग्लोबिन असू शकेल का?'

पुढचा फरकही फार खर्चिक नाही. लघवी यंत्रात फिरवल्यावर लाल रंग तळाला बसला आणि वरचे पाणी स्वच्छ झाले तर त्या पेशी. वरचे पाणी लालच राहिले तर तो मोकळा रंग. मग रुग्णाचे रक्त फिरवून पाहतात. वरचा द्रव गुलाबी-लाल असेल तर हिमोग्लोबिन. द्रव नेहमीसारखा फिकट पिवळा असेल आणि रक्तातले सीपीके खूप वाढलेले असेल तर स्नायूंचे मायोग्लोबिन.

नमुन्याबाबत एक काळजी घ्यावी. लघवी फार पातळ असेल किंवा बराच वेळ पडून राहिली तर त्यातल्या पेशी बाटलीतच फुटतात आणि रिपोर्ट फसवा येतो. म्हणून नमुना स्वच्छ, कोरड्या डबीत द्यावा आणि तासाभरात तपासला जाईल असे पाहावे. महिलांनी पाळी चालू असल्यास तसे सांगावे. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या जास्त प्रमाणात घेतल्यास स्ट्रिप खोटी निगेटिव्ह दाखवू शकते, तेही सांगावे.

पेशी फुटत आहेत हे पक्के करायला रक्ताच्या तपासण्या करतात. त्यात हिमोग्लोबिन उतरलेले, एलडीएच वाढलेले, हॅप्टोग्लोबिन घटलेले, इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढलेले असते. नव्या पेशींचे प्रमाण, म्हणजे रेटिक्युलोसाइट काउंट, एरवी वाढतो. किडनीसाठी क्रिएटिनिन पाहतात. कारण शोधायला रक्ताची स्लाइड, मलेरियाची चाचणी, कूम्ब्स टेस्ट आणि जी-सिक्स-पीडी अशा तपासण्या लागतात.

कारण पहिले : औषधे आणि जी-सिक्स-पीडीची कमतरता

जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशीला रासायनिक माऱ्यापासून वाचवणारे एन्झाइम आहे. काहींमध्ये ते जन्मतःच कमी असते. त्याचा दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने तो आईकडून मुलाकडे येतो आणि त्रास पुरुषांत जास्त दिसतो, तरी स्त्रियांना होतच नाही असे नाही. भारतात काही समाजांत आणि आदिवासी भागांत ही कमतरता अधिक आढळते. एरवी माणूस ठणठणीत असतो. एखादे औषध पोटात गेले की साधारण एक ते तीन दिवसांत पेशी फुटू लागतात, लघवी काळपट होते आणि डोळे पिवळे होतात.

यातले सगळ्यात महत्त्वाचे औषध प्रायमाक्विन. व्हायव्हॅक्स मलेरियाचे जंतू लिव्हरमध्ये दडून बसतात आणि पुन्हा ताप आणतात. त्यांना मारण्यासाठी हे औषध १४ दिवस दिले जाते. गरोदर स्त्रिया, तान्ही बाळे आणि जी-सिक्स-पीडी कमी असलेले रुग्ण यांना ते असे देत नाहीत. राष्ट्रीय उपचार सूचनांमध्ये स्पष्ट म्हटले आहे की प्रायमाक्विन चालू असताना लघवी काळपट झाली, डोळे पिवळे किंवा ओठ निळसर झाले, पोटात दुखले, उलट्या झाल्या, तर औषध लगेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. अशी काही लक्षणे नसतील तर मात्र गोळ्या मध्येच सोडू नयेत, नाहीतर मलेरिया परत येतो.

दुसरे औषध डॅप्सोन. कुष्ठरोगाच्या उपचारात ते रोज घ्यायचे असते आणि रिफाम्पिसिन महिन्यातून एकदा. इथे गफलत होऊ शकते. रिफाम्पिसिन घेतल्या दिवशी लघवी लालसर होणे अपेक्षित आहे. पण महिन्याच्या मधल्या दिवसांत, फक्त डॅप्सोन चालू असताना लघवी गडद झाली आणि दम लागू लागला, तर 'गोळीचाच रंग असेल' म्हणून बसू नये. लघवीच्या संसर्गावर दिले जाणारे नायट्रोफ्युरँटॉइनही अशा व्यक्तींना त्रासदायक ठरू शकते.

औषधाशिवाय आणखी एक वस्तू प्रत्येक घरात असते, ती म्हणजे कपाटातली डांबर गोळी. ती नॅप्थॅलीनची असेल तर मुलाने गिळल्यास पेशी फुटू शकतात. ट्रंकेत डांबर गोळ्यांसोबत ठेवलेली जुनी दुपटी, झबली तशीच नवजात बाळाला घातली तरी कमतरता असलेल्या बाळाला त्रास होऊ शकतो. असे कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवूनच वापरावेत.

परदेशात फेवा बीन्स खाऊन असा झटका आल्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. फेवा म्हणजे उत्तरेकडचा बाकला. आपल्याकडचे वाल आणि पावटे ही वेगळी जात आहे, नावाच्या गोंधळामुळे ती सोडण्याची गरज नाही.

या चाचणीत एक खोच आहे. झटका आल्या आल्या जी-सिक्स-पीडी तपासले तर कमी एन्झाइम असलेल्या जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात, उरतात त्या नव्या, आणि रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून संशय असल्यास साधारण तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करतात.

मलेरिया स्वतःही

फॅल्सिपॅरम मलेरियाचा जोर असेल तर औषधाशिवायही पेशी फुटून लघवी काळी होते. जुन्या वैद्यकीय पुस्तकांत याला ब्लॅकवॉटर फीवर म्हटले आहे. क्विनाइन अनियमितपणे घेणाऱ्यांत तो विशेष दिसे. थंडी वाजून ताप आणि सोबत गडद लघवी, हे कधीही घरी काढण्याचे दुखणे नाही.

चुकीचे रक्त आणि बॉम्बे ब्लड ग्रुप

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ च्या सुमारास रक्तगट शोधले. त्याआधी एका माणसाचे रक्त दुसऱ्याला चढवणे म्हणजे जुगार होता. गट जुळला नाही तर काही मिनिटांत पेशी फुटतात. थंडी वाजून ताप येतो, सुईच्या जागी जळजळ होते, छाती आणि कंबर दुखते, जीव घाबरा होतो आणि लघवी लाल होते. रुग्ण भुलीखाली असेल तर तो काही सांगू शकत नाही. तेव्हा लघवीच्या पिशवीतला बदललेला रंग हीच पहिली सूचना असू शकते. अशा वेळी रक्त ताबडतोब थांबवतात.

अशा घटनांचे मोठे कारण प्रयोगशाळेतली चूक नसून नावाची किंवा पिशवीची अदलाबदल हे असते. म्हणून नर्स पिशवी लावताना नाव, गट आणि क्रमांक विचारतात, तेव्हा 'किती वेळा विचारता' असे म्हणू नये. रुग्णाजवळ बसलेल्याने पहिली १५ मिनिटे लक्ष द्यावे आणि थंडी, खाज, कंबरदुखी काहीही वाटले तर लगेच हाक मारावी. काहींना रक्त चढवून घरी गेल्यावर, आठ-पंधरा दिवसांच्या आत ताप, कावीळ आणि पुन्हा अशक्तपणा येतो. त्यांनी नव्या डॉक्टरला आधी रक्त चढवले होते हे आवर्जून सांगावे.

यात आपल्या भागाशी थेट जोडलेली एक गोष्ट आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगापुढे मांडला. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या असतात तो 'एच' घटकच या लोकांत नसतो. साध्या तपासणीत त्यांचा गट 'ओ' वाटतो. पण ओ गटाच्या रक्तातही एच असतो, त्यामुळे ते चढवले तर चढवलेल्या पेशी फुटून मोठी प्रतिक्रिया येते. त्यांना बॉम्बे गटाचेच रक्त लागते. भारतात साधारण दहा हजारांत एक असे हे प्रमाण सांगितले जाते आणि नोंदी सर्वाधिक महाराष्ट्रातून आहेत. कर्नाटक आणि गोव्यातूनही आहेत. घरात कुणाचे 'ओ' रक्त ओ गटाच्या पिशवीशी जुळले नसेल, तर भावंडांनीही एकदा रक्तपेढीत नीट तपासून घ्यावे.

साप, मोहोळ आणि मोरचूद

घोणस चावल्यावर रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते, किडनीला इजा होते आणि काहींत पेशीही फुटतात. लघवी लाल होणे किंवा कमी होणे हे गंभीर लक्षण आहे. इथे उपचार एकच, दवाखान्यातले सर्पविषरोधक इंजेक्शन. आपल्याकडे मिळणारे इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. मंत्र, चिरा देणे, आवळून बांधणे यात वेळ घालवू नये.

आग्या मोहोळ किंवा गांधीलमाश्यांचा थवा उठला आणि डझनावारी दंश झाले तर विषाने रक्तपेशी आणि स्नायू दोन्ही फुटू शकतात. सूज उतरली म्हणून माणूस घरी येतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी काळी होते. म्हणून दंश खूप असतील तर बरे वाटत असले तरी लघवीवर लक्ष ठेवावे.

तिसरी वस्तू मोरचूद. सुपारीवरच्या कोळेरोगासाठी आणि द्राक्षावरच्या केवड्यासाठी बोर्डो मिश्रण करायला ती आपल्याकडे घरोघर आणलेली असते. ती पोटात गेली तर निळसर-हिरव्या उलट्या होतात, मग पेशी फुटतात आणि किडनी बंद पडू शकते. पुन्हा उलटी करवू नये, मीठ-पाणी पाजू नये. पुडा सोबत घेऊन दवाखाना गाठावा. एरवी मोरचूद मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवावी.

शरीराचाच बिघाड

काही वेळा बाहेरचे कारण नसते. ऑटोइम्यून हिमोलायटिक ॲनिमियात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. कूम्ब्स टेस्टने ते कळते आणि स्टिरॉइडने बऱ्याच जणांना गुण येतो. लहान मुलांत विषाणूजन्य तापानंतर, थंडी लागली की लघवी लाल होण्याचा एक प्रकार आहे. त्याची चाचणी डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी १९०४ मध्ये शोधली, ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मुलांत हा प्रकार बहुधा काही आठवड्यांत आपोआप थांबतो.

पीएनएच हा दुर्मिळ आजार मगजातल्या मूळ पेशीत नंतर झालेल्या दोषामुळे होतो. तांबड्या पेशीवरचे संरक्षक कवच नाहीसे होते. १८८२ मध्ये जर्मनीत पॉल स्ट्र्युबिंग यांनी याचे पहिले नीट वर्णन केले. सकाळची पहिली लघवी गडद आणि दुपारपर्यंत फिकी, हे त्याचे पुस्तकी लक्षण असले तरी ते सगळ्यांत दिसत नाही. यात पोटातल्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका मोठा असतो. फ्लो सायटोमेट्री या तपासणीने निदान होते. २००७ पासून एक्युलिझुमॅब हे इंजेक्शन उपलब्ध झाले, पण ते फार महाग आहे. काहींना मगज प्रत्यारोपण करतात.

हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्यांत झडपेच्या कडेने गळती झाली तर तिथे आपटून पेशी फुटतात. अशा रुग्णाने गडद लघवीची गोष्ट हृदयाच्या डॉक्टरलाच सांगावी.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठीही दोन ओळी. १८८१ मध्ये फ्लायशर यांनी लांब कूच केलेल्या जर्मन सैनिकात लाल लघवी नोंदवली. कठीण जमिनीवर तळपाय सतत आपटल्याने पेशी फुटतात, हा मार्च हिमोग्लोबिन्युरिया. तो बहुधा सौम्य असतो आणि विश्रांतीने जातो. पण सवय नसताना उन्हात खूप धावल्यावर मांड्या-पोटऱ्या भयंकर दुखू लागल्या, सुजल्या आणि लघवी कोलासारखी झाली, तर स्नायू फुटलेले असू शकतात. मग विश्रांतीवर भागत नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जावे लागते.

दवाखान्यात काय करतात?

आधी कारण थांबवतात, म्हणजे औषध बंद, रक्ताची पिशवी बंद, विषावर उपचार, मलेरियावर इंजेक्शन. किडनीतून रंग धुऊन निघावा म्हणून शिरेतून सलाइन देतात आणि दर तासाची लघवी मोजतात. रक्त फार उतरले तर जुळवून रक्त देतात. लघवी होईनाशी झाली किंवा क्रिएटिनिन वाढत गेले तर काही दिवस डायलिसिस करावे लागते. डायलिसिसचे नाव ऐकून नातेवाईक हबकतात. पण अचानक बिघडलेली किडनी वेळेवर उपचार मिळाले तर पुष्कळदा पुन्हा चालू लागते. हे डायलिसिस कायमचेच असते असे नाही.

घरच्यांनी काय करायचे?

लघवी गडद दिसली की मोबाइलवर फोटो काढा आणि थोडी लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन जा. गेल्या आठवडाभरात घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या, झाडपाल्याचे औषधही लपवू नका. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच किडनीला आणखी त्रास देतात. भरपूर पाणी पिऊन रंग उतरला म्हणजे दुखणे गेले असे समजू नका. पाण्याने रंग फिका दिसतो, पेशी फुटायच्या थांबत नाहीत.

लघवी कमी झाली, धाप लागली, डोळे पिवळे झाले, ताप-थंडी आहे, साप किंवा माश्या चावल्या आहेत, नुकतेच नवे औषध किंवा रक्त घेतले आहे, यातले एक जरी असेल तर सकाळची वाट पाहू नका. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, मध्य प्रदेश, गुजरात आणि तेलंगणातही हाच आहे.

आपल्या लोकांची एक जास्तीची अडचण असते. चंदगडचा माणूस बेळगावला जातो, खानापूर-दोडामार्गचा बांबोळीला, निपाणीचा कोल्हापूर-मिरजेला. ताप एका राज्यात आलेला, गोळ्या दुसऱ्या राज्यातल्या, आणि भरती तिसऱ्याच ठिकाणी. जुनी केस-पेपर मागे राहतात, नवा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो. एकदा प्रायमाक्विनने झटका आलेल्या माणसाला दुसऱ्या गावात पुन्हा तेच औषध मिळू शकते, कारण सांगणारा कागदच नसतो. म्हणून डिस्चार्ज घेताना तीन गोष्टी लिहून मागा : कोणते निदान झाले, कशामुळे झाले, आणि यापुढे कोणती औषधे किंवा कोणते रक्त चालणार नाही. त्या कागदाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. औषधांची नावे इंग्रजी अक्षरांत लिहून घेतली तर मराठी, कन्नड, कोंकणी, हिंदी, गुजराती, तेलुगू, कुठल्याही भागातला डॉक्टर ती वाचू शकतो.

आणि लाल लघवी दिसल्यावर 'उष्णता' म्हणण्याआधी गोठ्यातली म्हैस आठवा. तिच्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर येतो.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. निदान आणि औषधोपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत.)